खुर्चीतील अंगमर्दन आणि कंबरदुखीच्या संज्ञा

खुर्चीवर बसवून केल्या जाणाऱ्या अंगमर्दनाला मराठीत सर्रास ‘मालिश’ म्हटले जाते. परंतु हा शब्द चोळणे या अर्थाच्या ‘मालीदन’ या फारसी क्रियापदापासून आला असून, मराठीभाषकाच्या मनात त्याबरोबर तेलही येते. अमेरिकेत डेव्हिड पामर यांनी १९८० नंतरच्या दशकात रूढ केलेल्या आणि जपानी ‘अन्मा’ पद्धतीवर आधारलेल्या या उपचारात तेल नसते. वस्त्रेही उतरवावी लागत नाहीत. रुग्ण पुढे झुकून छाती व चेहरा गादीवर टेकवतो आणि मर्दन करणारा अंगठ्यांनी व कोपराने कण्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू दाबतो. या क्रियेस आपला ‘चेपणे’ हाच शब्द अधिक यथार्थ होय.

दुखण्याच्या संज्ञा त्याहून महत्त्वाच्या आहेत. ‘उसण भरली’, ‘कंबर धरली’ या प्रयोगांतून बहुधा स्नायूंचा ताठरपणा सूचित होतो. तेथे चेपल्याने काही काळ आराम पडू शकतो. २०१५ च्या कॉक्रेन समीक्षेत २५ चाचण्यांचा परामर्श घेतला असता, मर्दनाने वेदना अल्पकाळच कमी होतात असे दिसले, आणि तोही पुरावा दुर्बळ ठरला. याउलट ‘पायात कळ जाते’, ‘मुंग्या येतात’, ‘पाय बधिर होतो’ ही वाक्ये मज्जातंतूवरील दाबाकडे निर्देश करतात. तेथे आधी वैद्यकीय तपासणी हवी. बधिरतेबरोबर लघवीवरील ताबा सुटल्यास तत्काळ रुग्णालय गाठले पाहिजे. म्हणून ‘कंबर दुखते’ एवढ्यावर न थांबता, ती कशी दुखते हे रुग्णाच्याच शब्दांत विचारून घेणे, हा या उपचाराचा पहिला भाग मानावा लागतो.