छायाचित्रणाची साधने : विकत की भाड्याने?

तमिळनाडूतील कुंभकोणम हे कावेरीकाठचे देवळांचे गाव. एकेकाळी ते तंजावरच्या भोसले राजांच्या राज्यात होते. येथील महामहम तलावावर दर बारा वर्षांनी मोठा स्नानसोहळा भरतो. 2004 नंतर तो 2016 मध्ये भरला. पुढचा 2028 मध्ये येईल. तलावाच्या पायऱ्यांवर दाटलेली गर्दी दुरून टिपायची, तर छायाचित्रकाराला लांब पल्ल्याचे भिंग लागते. असे भिंग कधीकधी कॅमेऱ्याहूनही महाग असते. इतक्या क्वचित येणाऱ्या प्रसंगासाठी कर्ज काढावे काय?

गावातल्या छायाचित्रकाराचा नेहमीचा चरितार्थ चालतो तो लग्नांवर. महाराष्ट्रात चातुर्मासात लग्ने थांबतात. तमिळ घरांत आडी आणि मार्गळी या महिन्यांत ती सहसा होत नाहीत. आडी जुलैच्या मध्यावर लागतो, मार्गळी डिसेंबरच्या मध्यावर. या काळात साधने कपाटात पडून राहतात, कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. शिवाय हवा दमट असल्यामुळे पडून राहिलेल्या भिंगाला आतून बुरशी धरते, ती वेगळीच.

समजा, एका भिंगाची किंमत 60,000 रुपये आणि एका दिवसाचे भाडे 1,000 रुपये आहे. ते वर्षातून आठच दिवस लागत असेल, तर किंमतीइतके भाडे भरायला साडेसात वर्षे लागतील. तेच भिंग दर आठवड्याला एकदा लागत असेल, तर सव्वा वर्षही लागणार नाही. म्हणजे किंमतीच्या आकड्याआधी वापराचे दिवस मोजावेत. मुख्य कॅमेरा मात्र शक्यतो स्वतःचा असावा. ताली, म्हणजे मंगळसूत्र, बांधण्याचा क्षण टिपताना अनोळखी कॅमेऱ्याची बटणे शोधत बसणे परवडत नाही.

भाड्याचा दिवस वाया जाऊ नये, हेही पाहावे लागते. गावाजवळच दारासुरम येथे ऐरावतेश्वराचे बाराव्या शतकातील मंदिर आहे. अशा संरक्षित स्मारकात तिपाई लावायची, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते. परवानगी हाती येण्यापूर्वीच तिपाई आणणारा माणूस भाडे भरतो आणि रिकाम्या हाताने परततो.

भाड्याने दिलेल्या वस्तूची जबाबदारी कोणाची, हे 1872 च्या भारतीय करार कायद्यात सांगितले आहे. सामान्य सुज्ञ माणूस स्वतःच्या वस्तूची जितकी काळजी घेतो, तितकी घेणाऱ्याने घ्यावी, असे कलम 151 म्हणते. कलम 150 दुकानदाराला बांधते : भाड्याने दिलेल्या वस्तूतील दोषामुळे थेट नुकसान झाले, तर तो दोष ठाऊक नव्हता ही सबब त्याला चालत नाही. पण दोष आधीचा की नंतरचा, हा वाद उरतोच. त्यासाठी भिंगावरचे ओरखडे, बॅटरी आणि पट्टे दोघांच्या देखत तपासून पावतीवर नोंदवावेत. अनामत रक्कम किती व ती केव्हा परत मिळेल, हेही त्याच पावतीवर लिहून घ्यावे.