एक टोक, तीन टोकं: धाराशिवच्या तळ्यांवरचा गळ

धाराशिव जिल्ह्यात आज जिथं जिथं गळ पडतो, त्यातलं बरंचसं पाणी दुष्काळाची देणगी आहे. 1972 च्या दुष्काळात माणसं खडी फोडायला आणि माती वाहायला गेली. त्या कामांतून आणि पुढं रोजगार हमीतून गावोगाव पाझर तलाव उभे राहिले. त्याआधी मासा होता तो तेरणा, मांजरा, बोरी आणि सीनेच्या डोहांत, आणि तो धरायची विद्या मुख्यतः भोई समाजाच्या हाती होती. तलाव झाले, पुढं माकणीला निम्न तेरणा आणि परंड्याकडं सीना-कोळेगाव अशी मोठी धरणं आली, तशी बांधावर गळ टाकून बसणारी हौशी मंडळीही वाढली. या पन्नास वर्षांत त्यांच्या हातातला गळ कसा बदलत गेला हे पाहिलं, तर जिल्ह्याच्या पाण्याचाच इतिहास हाती लागतो.

गळाची हौस मात्र या भागाला नवी नाही. जिल्ह्यातल्या उमरग्याहून फार लांब नसलेल्या कल्याणीला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर राज्य करत होता. 1130 च्या सुमारास रचलेल्या त्याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. कोणत्या माशाला कोणतं आमिष द्यावं, काठी, दोरी आणि गळ कसे असावेत, याचा विचार त्यात राजाच्या करमणुकीचा भाग म्हणून केलेला आहे. माशाचं तोंड आणि त्याचं खाणं ओळखून गळ निवडायचा, हे तत्त्व तेव्हापासूनचं आहे.

तलाव झाल्यावरच्या पहिल्या वीसेक वर्षांत गळ एका टोकाचाच होता. बाजारातून सुटे गळ आणायचे, तंगूसाला बांधायचे, वर शिशाची गोळी, हातात बांबूची काठी आणि आमिषाला गांडूळ. चिलापीला बारीक गळ, मागूर-शिवड्याला दणकट. गळाच्या बाबतीत निवड होती ती एवढीच. चिलापी, म्हणजे तिलापिया, हा मासाही आपला नव्हे. तो भारतात 1952 मध्ये आणला गेला आणि उथळ तळ्यांत असा माजला की पोरांच्या गळाला सगळ्यात आधी तोच लागू लागला.

दुसरा बदल मत्स्यबीजाने घडवला. 1957 मध्ये हिरालाल चौधरी यांनी ओडिशात कार्प माशांचं प्रेरित प्रजनन यशस्वी केलं. त्यानंतर कटला, रोहू आणि मृगळ यांचं बीज नदीवर अवलंबून न राहता केंद्रात तयार करता येऊ लागलं. तलावांचे ठेके मच्छीमार सहकारी संस्थांना मिळाले, बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिलं, सोडली जाऊ लागली, नायलॉनची जाळी आली. पोटासाठीची मासेमारी जाळ्याकडं गेली आणि गळ हौशी माणसाकडं उरला. कार्प मासा आमिषावर तुटून पडत नाही, तोंडाने ओढून घेतो. म्हणून कणीक, पेंड आणि भाजलेलं पीठ मळून केलेल्या गोळ्याभोवती चार-पाच बारीक गळ सुटे सोडायची रीत रुजली. गोळा चोखताना त्यातला एखादा ओठात जातोच. म्हणजे अनेक टोकांची कल्पना आपल्याकडं तीन तोंडी गळाच्या आधीच होती, फक्त ती मऊ आमिषासाठी होती.

खऱ्या अर्थाने तीन तोंडी गळ गेल्या दहा-पंधरा वर्षांत आला, तोही मोबाईलमधून. परदेशी व्हिडिओ पाहून पोरांनी रॉड-रीळ मागवले आणि सोबत रंगीत प्लास्टिकचे मासे आले. त्यांच्या पोटाला आणि शेपटीला एकेक ट्रेबल हुक, म्हणजे तीन तोंडी गळ, लटकलेला. ही मांडणी अमेरिका-कॅनडाच्या थंड सरोवरांतल्या मस्कीसारख्या माशांवर घडलेली आहे. मस्की हा विस्कॉन्सिन राज्याचा अधिकृत मासा, ‘दहा हजार फेकींचा मासा’ म्हणून प्रसिद्ध. तो वीतभराहून लांब आमिषावर बाजूने झडप घालतो. कुठून चावेल याचा नेम नाही, जबडा हाडकट, म्हणून जागोजागी तीन टोकं. तिथला जाणकार गळ निवडताना चार गोष्टी पाहतो: तार जाड हवी, नाहीतर दणकट दोरीच्या ओढीने गळ उलगडतो, आकार इतकाच की पुढचा-मागचा गळ एकमेकांत अडकू नयेत, वजन इतकंच की आमिषाचा तोल आणि तरंगणं बिघडू नये, आणि गळ तोडायची पक्कड नेहमी हाताशी.

तिथल्या मापाच्या आकड्यांनी आपल्याकडं बराच गोंधळ केला. 1, 2, 4, 6 असा आकडा वाढला की गळ लहान होतो, पण 1/0, 3/0, 5/0 असं शून्य जोडलेलं असलं की आकड्याबरोबर मोठा होतो. 3/0 ते 7/0 हे मस्कीचं माप. बोटाएवढ्या आमिषाला ते लावलं तर आमिष पोहत नाही, बुडतं.

पण तीन तोंडी गळाची खरी परीक्षा आपल्या पाण्याने घेतली. 2015-16 च्या दुष्काळात मराठवाड्यातली धरणं तळाला गेली, शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. कोरड्या पडलेल्या तलावांत वेडी बाभूळ उगवते, काठाला बेशरम माजते. मग पाऊस होतो, पाणी चढतं आणि ती सगळी झुडपं उभीच्या उभी बुडतात. कुठं गाळ उपसल्याने मध्येच खोल खड्डे झालेले असतात. अशा पाण्यात फेकलेला तीन तोंडी गळ माशाआधी बाभळीच्या फांदीत रुततो. तुटलेलं आमिष तिथंच राहतं आणि पुढं संस्थेच्या मच्छीमाराचं जाळं त्यात फाटतं, नाहीतर काठाला पाण्यात उतरलेल्याच्या पायात काटा शिरतो.

आणि आपल्याकडचा शिकारी मासा मरळ. तो झाडोऱ्यातच दबा धरून बसतो, हवा घ्यायला वर येतो, बेडकावर झडप घालतो. त्यामुळं इथल्या मुरलेल्या मंडळींनी शेवटी पोकळ रबरी बेडूक पसंत केला. त्याच्या पाठीला चिकटून वर वळलेली दोन टोकं असतात. ती झाडोऱ्यातून सुटून येतात आणि मरळीने बेडूक चेपला की मगच उघडी पडतात. मोकळ्या पाण्यात, भिंतीजवळ, तीन तोंडी गळ अजूनही उपयोगी आहे. मात्र लहान मापाचा आणि जाड तारेचा.

पावसाळ्यातली बाब वेगळी आहे. मरळ आपल्या पिलांचा लालसर घोळका राखत फिरते. घोळक्याजवळ पडलेल्या कोणत्याही वस्तूवर ती भूक नसतानाही तुटून पडते. अशा वेळी तीन टोकं तोंडात गेली की मासा परत सोडण्यालायक उरत नाही आणि रक्षण करणारं कुणी नसल्याने पिलंही जातात. एका मोठ्या माशाच्या फोटोपायी त्या वर्षाची वीणच संपते.

पन्नास वर्षांचा हिशेब मांडला तर गळ एका टोकावरून चार-पाचावर गेला, मग तीनावर आला आणि आता दोनावर स्थिरावतो आहे. प्रत्येक बदलामागं पाण्याचं कारण होतं: नवा तलाव, नवं बीज, नवा दुष्काळ. फक्त तीन तोंडी गळ तेवढा मोबाईलमधून आला, म्हणून त्यालाच सगळ्यात जास्त कापावं लागलं. नव्या पोराला सांगायचं तर एवढंच: प्लास्टिकच्या माशाच्या पोटाचा ट्रेबल काढून टाक, शेपटीला एक टोकाचा मजबूत गळ लाव, उलटा काटा पकडीने दाबून टाक आणि पिलांचा घोळका दिसला तर रीळ गुंडाळ. मासे थोडे कमी लागतील. पण पुढच्या दुष्काळानंतर तलाव पुन्हा भरेल तेव्हा त्यात मरळ हवी असेल, तर हे कमी लागणं परवडणारं आहे.