गाठीची जनुके आणि औषधाची निवड : गैरसमज आणि वस्तुस्थिती

फुप्फुसाच्या कर्करोगाचे निदान झाल्यावर गाठीच्या तुकड्याची जनुकीय तपासणी करावयाची आहे, असे डॉक्टरांनी सांगताच घरच्या मंडळींना पहिली धास्ती वाटते ती मुलाबाळांची. जनुकाचा दोष म्हणजे घराण्यात उतरणारा दोष, असे गृहीत धरून कित्येकजण तपासणीच टाळू पाहतात. वस्तुतः ईजीएफआर, एएलके इत्यादी जनुकांतील जे बदल येथे शोधले जातात, ते बहुतेक सर्व रुग्णांत केवळ अर्बुदाच्या पेशींत, आयुष्याच्या ओघात घडलेले असतात. ते आईबापांकडून आलेले नसतात आणि अपत्यांकडे जातही नाहीत.

याहून घातक समज असा की, रुग्ण निर्व्यसनी असेल तर अशा बदलांवर नेम धरणारी लक्ष्यवेधी गोळी लागू पडणारच आणि विड्या ओढणारा असेल तर तपासणीचा खर्च व्यर्थच. असा अंदाज किती फसवा ठरतो, याचा दाखला २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयपास’ या अभ्यासात मिळतो. पूर्व व आग्नेय आशियातील १२१७ रुग्ण त्यासाठी निवडले, तेही असे की ज्यांनी धूम्रपान कधी केलेच नव्हते किंवा थोडे करून सोडले होते, आणि ज्यांचा रोग अ‍ॅडिनोकार्सिनोमा या प्रकारचा होता. बाह्य लक्षणांवरून याहून अनुकूल रुग्ण मिळणे कठीणच. तरीही ज्या ४३७ जणांच्या गाठींची ईजीएफआर-तपासणी होऊ शकली, त्यांपैकी २६१ जणांतच उत्परिवर्तन आढळले. त्यांचा रोग गेफिटिनिब या लक्ष्यवेधी गोळीने केमोथेरपीहून अधिक काळ आटोक्यात ठेवला. उरलेल्यांचा मात्र त्याच गोळीवर केमोथेरपीच्या मानाने फार लवकर बळावला. या एका निष्कर्षापुढे कितीही अनुभवी नजरेचा अंदाज मला अपुरा वाटतो. धूम्रपान करणाऱ्यांतही हे बदल, कमी प्रमाणात का होईना, सापडतातच. म्हणून व्यसनाचा इतिहास पाहून तपासणी नाकारणे अन्यायाचे आहे.

अहवालाची वाट पाहण्यात दिवस वाया जातात, तूर्त इम्युनोथेरपी सुरू करावी, असाही आग्रह होतो. पण ईजीएफआर-बदल असलेल्या रुग्णांत ती एकटी दिल्यास सहसा फारशी उपयोगी पडत नाही, आणि तिच्यापाठोपाठ ऑसिमर्टिनिब ही लक्ष्यवेधी गोळी दिल्यास फुप्फुसाला गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो. प्रकृती थांबण्याजोगी नसेल, तर दरम्यान केमोथेरपी देता येते.

गोळी मिळाली म्हणजे रोग समूळ गेला आणि केमोथेरपीचे काम संपले, हेही खरे नव्हे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात ३५० रुग्णांवर झालेल्या अभ्यासात नुसत्या गेफिटिनिबवर रोग सुमारे ८ महिने आवरला, तर जोडीला केमोथेरपी दिली असता सुमारे १६ महिने. अर्थात दुष्परिणामही वाढले. पुढे गाठ औषधाला दाद देईनाशी होते, आणि गेफिटिनिबसारख्या गोळ्यांनंतर सुमारे निम्म्या रुग्णांत टी७९०एम हा नवा बदल त्यामागे असतो. तो सापडला तर ऑसिमर्टिनिब उपयोगी पडते. म्हणूनच रोग पुन्हा वाढू लागल्यावर जुन्या अहवालावर विसंबून भागत नाही.

सुई लावली की गाठ पसरते, या भीतीने अनेकजण दुसऱ्या बायोप्सीला नकार देतात. फुप्फुसाच्या बायोप्सीत हा धोका अत्यंत विरळ आहे. तरीही प्रथम रक्ताची तपासणी करता येते, मात्र रक्तात बदल न सापडणे म्हणजे तो गाठीत नाही असे नव्हे, आणि तसे झाल्यास शक्य असेल तेथे गाठीचा तुकडा घ्यावाच लागतो.