धबधब्याची वाट

मृगाचा पाऊस सरून आर्द्रा लागली, की नाशिकच्या पश्चिमेकडील डोंगरांचा रंग पालटतो. उन्हाळ्यात काळेकभिन्न दिसणारे कडे हिरवे होतात आणि त्यांवरून पाण्याच्या शुभ्र रेघा उतरू लागतात. त्र्यंबकेश्वरचा ब्रह्मगिरी, अंजनेरी, इगतपुरीचा घाटमाथा, भंडारदऱ्याचे खोरे, जिकडे दृष्टी टाकावी तिकडे पाणी उड्या घेत असते. सुटीच्या दिवशी सहस्रावधी माणसे हा देखावा पाहावयास जातात. तुमच्यापैकीही पुष्कळजण गेले असतील. परंतु हे पाणी नेमके याच जागी का कोसळते, असा प्रश्न थोड्यांच्याच मनात येतो. ज्याला त्याचे उत्तर कळले, त्याला धबधब्यापाशी कोठे उभे राहावे आणि कोठे राहू नये, हेही कळते. म्हणून, मुलांनो, आधी खडकाची ओळख करून घेऊ.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आजच्या महाराष्ट्राच्या बहुतेक भागात भूमीला मोठमोठ्या भेगा पडल्या आणि त्यांतून शिलारस, म्हणजे लाव्हा, बाहेर पसरला. तो थंड होऊन त्याचा काळा खडक झाला. पुन्हा शिलारस आला, पुन्हा थिजला. असे एकावर एक थर साचून सह्याद्री तयार झाला. या खडकाला बेसॉल्ट असे म्हणतात. दुरून कोणताही कडा पाहा. भाकरीची चवड रचून ठेवावी तसे आडवे पट्टे त्यावर स्पष्ट दिसतात.

हे सर्व थर सारखे कठीण मात्र नसतात. थराचा आतला भाग सावकाश निवाल्यामुळे घट्ट होतो. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून राहतात व तो सच्छिद्र होतो. (पुढे या छिद्रांत पांढरे, हिरवट स्फटिक भरतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते अवश्य पाहा. दगडाच्या पोटात इतके सौंदर्य असेल असे वाटत नाही.) दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे विटेसारख्या लाल मातीचा पट्टाही सापडतो. कठीण थरावर पाण्याचे फारसे चालत नाही. मऊ थर ते लवकर पोखरते. कठीण थर संपून मऊ थर लागला, की नदीच्या वाटेत पायरी पडते. ती पायरी उंच झाली म्हणजे धबधबा झाला.

येथेच गोष्ट थांबत नाही. कोसळणारे पाणी व त्याचे तुषार खालचा मऊ थर कोरीत राहतात आणि वरची कठीण शिळा छपरासारखी पुढे आलेली राहते. एके दिवशी आधार तुटतो व ती खाली येते. धबधब्याच्या पायथ्याशी घराएवढ्या शिळा पडलेल्या असतात, त्या अशाच वरून आलेल्या होत. धबधबा तेवढ्याने मागे सरकतो. उत्तर अमेरिकेतील नायगारा धबधब्याच्या माथ्यावर चुनखडीच्या जातीचा कठीण खडक असून त्याखाली मऊ खडक आहे. तो सुमारे १२,००० वर्षांत जवळजवळ ११ किलोमीटर मागे सरकला आहे!

जेथे पाणी पडते तेथे डोह तयार होतो. त्याचा पृष्ठभाग कडेला शांत दिसतो. आत मात्र पाणी गरगर फिरत असते आणि पोहणाऱ्याला तळाशी ओढते. फिरत्या पाण्यात सापडलेले गोटे खडकाला घासून घासून रांजणाच्या आकाराचे खळगे पाडतात. अहिल्यानगर जिल्ह्यातील निघोज येथे कुकडी नदीच्या पात्रात असे रांजणखळगे मोठ्या संख्येने आहेत. ते पाहिले म्हणजे भोवऱ्याला केवढे बळ असते ते ध्यानात येते; खडक कोरणाऱ्या पाण्यापुढे माणसाचे हातपाय ते काय!

सर्वच देशांतील धबधबे असे घडत नाहीत. युरोपातील आल्प्स पर्वताचा बराच भाग चुनखडीच्या खडकाचा आहे. हा खडक पाण्यात हळूहळू विरघळतो. त्यामुळे पाऊस व वितळलेले बर्फ भेगांतून डोंगराच्या पोटात शिरते आणि भलत्याच ठिकाणी प्रकट होते. स्लोव्हेनिया देशाच्या त्रिग्लाव राष्ट्रीय उद्यानातील साविका धबधबा ७८ मीटर उंच आहे. त्याचे पाणी कड्याच्या माथ्यावरून येत नाही, तर कड्याच्या अंगातून बाहेर पडते. तेथे जाणाऱ्याला हे पाणी कोठून आले ते दिसतच नाही.

आपल्याकडे पाणी उघड्यावरून वाहते, म्हणून ते कोठून आले हे आपल्याला दिसते, असे वाटण्याचा संभव आहे. तसे ते नाही. इगतपुरीस वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून अवघ्या चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवरील नाशिक शहरात त्याचा चौथा हिस्साच पडतो. नाशिककरांना याचा प्रत्यय दुतोंड्या मारुतीपाशी येतो. रामकुंडाजवळ गोदावरीच्या पात्रात ही उंच मूर्ती उभी आहे. पाणी मारुतीच्या कमरेला लागले, छातीला लागले, अशी पुराची मोजणी येथे पिढ्यान्‌पिढ्या होते. कित्येकदा शहरात लख्ख ऊन असते आणि मारुती छातीपर्यंत बुडालेला असतो, कारण पाऊस वर त्र्यंबकच्या डोंगरात झालेला असतो अथवा गंगापूर धरणातून पाणी सोडलेले असते. सोमेश्वरचा धबधबा याच धरणाच्या खालच्या अंगास आहे. प्रवरेवरील रंधा धबधबा सुमारे ५० मीटर उंच. त्याच्याही वरच्या अंगास १९२६ साली पूर्ण झालेले भंडारदऱ्याचे धरण आहे. दारे उघडली, की निरभ्र आकाशाखालीही हे धबधबे फुगतात.

त्र्यंबकेश्वरहून जव्हारकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुगारवाडीचा धबधबा आहे. रस्ता सोडल्यावर रानातून पायी जावे लागते आणि वाटेत ओढा ओलांडावा लागतो. ऑगस्ट २०२२ मध्ये डोंगरात जोराचा पाऊस होऊन हा ओढा एकाएकी भरला. सकाळी ज्यातून माणसे सहज चालत गेली होती, त्यातून परतणे अशक्य झाले. वीसहून अधिक माणसे पलीकडे अडकली. बचाव पथकाने रात्री अंधारात त्यांना बाहेर काढले. एकजण मात्र वाहून गेला.

पाण्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा रेटा चौपट होतो. म्हणून गुडघाभर पाणीही धडधाकट माणसाला आडवे पाडते. पाणी वाढण्याआधी बहुधा काही खुणा दिसतात. नितळ पाणी गढूळ होते. पाने, काटक्या, फेस वाहून येऊ लागतो. आवाज भरडा होतो. यांपैकी एकही खूण दिसली, तर डबा, चप्पल, छत्री यांचा मोह न धरता पात्रातून उंच जागी चढावे. पलीकडे अडकलात तर ओढ्यात उतरू नये. सह्याद्रीचे ओढे जसे झरझर चढतात तसे, पाऊस थांबल्यावर, पुष्कळदा काही तासांत उतरतात. तोवर भिजत बसणे फारसे सुखाचे नसते, पण त्यात जीव जात नाही. धबधब्याच्या अगदी खाली उभे राहण्याची हौस अनेकांना असते. वीस मीटरांवरून सुटलेला दगड खाली पोहोचतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला जवळजवळ वीस मीटर झालेला असतो, आणि पुराच्या पाण्याबरोबर दगड येतातच. मला विचाराल तर, धबधबा समोरच्या उंचवट्यावरूनच चांगला दिसतो. खाली गेल्यावर डोळ्यांत पाणी जाण्यापलीकडे काही दिसत नाही.

शाळेच्या सहली घेऊन मी या भागात पुष्कळ हिंडलो. माझा अनुभव असा, की वाट विचारावी ती वाडीतल्या म्हाताऱ्या माणसाला. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली घोषित झाले. त्याच्या कितीतरी आधीपासून महादेव कोळी व ठाकर लोक या रानात राहत आले आहेत. ‘‘आज ओढ्यापल्याड जाऊ नका, गुरुजी, वर काळं झालंय,’’ असे त्यांच्यापैकी कोणी म्हणाले, की आम्ही मुकाट्याने मागे फिरत असू. मुले हिरमुसत. मग वाटेवरच्या कारवीजवळ त्यांना थांबवावे. ही झुडपे सात वर्षांनी एकदा फुलतात. त्यांच्या काठ्यांवर माती लिंपून कुडाच्या भिंती करतात आणि त्यांची मुळे उतारावरची माती धरून ठेवतात.

पावसाळ्यात जो कडा पाण्याने झाकलेला असतो, तोच चैत्रात जाऊन पाहावा. पाणी आटलेले असते, शेवाळ वाळून खडखडीत झालेले असते. छपरासारखी पुढे आलेली शिळा, तिच्याखालची कोरलेली कपार, कपारीतील छिद्रांचा खडक आणि कोठे असलाच तर लाल मातीचा पट्टा, सारे उघडे दिसते. डोहात थोडे पाणी उरलेले असते, आणि त्याच्या काठावर, गेल्या पावसाळ्यात वरून आलेली एखादी शिळा, तुटलेली बाजू अजून ताजी असलेली, पडलेली असते.