पंचांग मंत्र आणि गडांचा बंदोबस्त

राज्य असो, पेढी असो अथवा ग्रंथसंग्रहालयासारखी लहानशी संस्था असो, तिच्या चालकांस पुढील काळाचा विचार आधीं करून ठेवावा लागतो. या विचारास हल्लीं दीर्घकालीन नियोजन म्हणतात, व तें शास्त्र सर्वस्वी परदेशांतून आलें अशी पुष्कळांची समजूत आढळते. आमच्या प्राचीन नीतिकारांनीं त्यास ‘मंत्र’ हा एक लहानसा शब्द योजिला आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणांत मंत्राचीं पांच अंगें सांगितलीं आहेत: कार्य आरंभण्याचा उपाय, माणसें व द्रव्य यांची समृद्धि, स्थळ व काळ यांची वांटणी, संकटाचा प्रतीकार आणि कार्याची सिद्धि. मराठ्यांच्या गडांच्या बंदोबस्तास हीं पांच अंगें लावून पाहिलीं असतां त्यांतील कोणतें अंग बळकट होतें व कोणतें दुबळें राहिलें हें स्पष्ट दिसतें. तेंच येथें दाखविण्याचा विचार आहे.

या कामीं मुख्य साधनें दोन आहेत. एक, राजाराम छत्रपतींच्या आज्ञेवरून कृष्णाजी अनंत सभासद यानें लिहिलेली बखर. दुसरें, १७१५ सालीं कोल्हापूरच्या संभाजीच्या नांवें निघालेलें व रामचंद्रपंत अमात्यांचें म्हणून प्रसिद्ध असलेलें आज्ञापत्र. पंतांनीं शिवछत्रपतींची कारकीर्द डोळ्यांनीं पाहिली होती, व राजाराम कर्नाटकांत गेल्यावर हुकुमतपन्हा या किताबानें महाराष्ट्रांतील कारभार सांभाळला होता. सबब आज्ञापत्रांतील नियम केवळ पुस्तकी नव्हेत.

गड कोठें बांधावा हें ठरवितांना आज्ञापत्र आधीं पाणी पाहावयास सांगतें. पाणी नसून जागा अवश्यच असेल तर खडक फोडून टांकीं करावीं; झरा असला तरी त्यावर भिस्त ठेवूं नये, कारण लढाईच्या वेळीं तोफांच्या दणक्यानें झरे आटतात. आरमाराच्या लांकडाविषयींही अशीच दूरदृष्टि आहे. सागासारखें लांकूड परवानगीनें तोडावें, पण आंबा व फणस यांस हात लावूं नये. कारण तीं झाडें वर्षा दोन वर्षांत होत नाहींत, रयतेनें तीं लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात. एखादें झाड जीर्ण झालें असल्यास धन्यास राजी करून व मोल देऊन घ्यावें. गलबत आज हवें असतें, झाड मात्र एका पिढीचें असतें. आजच्या गरजेसाठीं रयतेचें मन गमावूं नये हा त्यांतील भाव. मंत्राचीं पहिलीं तीन अंगें या दोन नियमांतच सांपडतात.

चौथें अंग विनिपातप्रतीकार, म्हणजे संकटाचा उपाय. आमच्या मतें सगळ्या योजनेची खरी कसोटी येथें लागते. नेमलेला मनुष्य मेला, चुकला किंवा फितला, तरी काम चालतें कीं नाहीं, हा प्रश्न आहे. सभासदाच्या सांगण्याप्रमाणें प्रत्येक गडावर हवालदार, सरनोबत व सबनीस असे तिघे एकाच दर्जाचे असून त्यांनीं मिळून कारभार करावयाचा असे. अंबाराकडे व जिनसांकडे कारखाननीस पाही. एकट्यानें गड शत्रूच्या हवालीं करणें त्यामुळें सोपें राहिलें नाहीं. आज्ञापत्र याच्याही पुढें जाऊन बदल्यांचा नियम घालून देतें: हवालदाराची तीन वर्षांनीं, सरनोबताची चार वर्षांनीं, सबनीस व कारखाननीस यांची पांच वर्षांनीं. मुदती विषम ठेवल्यानें दोन गोष्टी साधतात असें आम्हांस वाटतें. कोणीही एका जागीं मूळ धरीत नाहीं. आणि सगळेच एकदम नवखे येत नाहींत.

कौटिल्यानेंही प्रत्येक खात्यावर अनेक मुख्य असावे व ते कायमचे नसावे असें म्हटलें आहे. सैन्याचे मुख्य अनेक असले म्हणजे परस्परांच्या भयानें ते शत्रूच्या फितुरीस बळी पडत नाहींत, असें कारणही तो देतो. या साम्यावरून अमात्यांनीं कौटिल्य वाचला होता असें अनुमान काढणें घाईचें होईल. सारख्या अडचणींतून सारखे उपाय निघतात, एवढेंच म्हणणें युक्त.

या प्रतीकाराची परीक्षा १६८९ सालीं झाली. मार्चांत संभाजी महाराजांचा वध झाला व त्याच वर्षीं रायगड पडला. राजा गेला, राजधानी गेली, तरी राज्य बुडालें नाहीं. शिवछत्रपतींनीं १६७७ सालीं जिंजी घेऊन ती मजबूत केली होती. राजाराम तेथें जाऊन राहिले व १६९८ पर्यंत मोंगलांस तो किल्ला हातीं आला नाहीं. इकडे महाराष्ट्रांत पंत, संताजी व धनाजी लढत राहिले. एका माणसावर किंवा एका जागेवर सर्व भार न ठेवण्याचें हें फळ होय.

परंतु पांचव्या अंगाशीं, म्हणजे सिद्धीशीं, हिशेब चुकला. शिवछत्रपतींचा कल रोख वेतनाकडे होता, जमीन तोडून देण्याकडे नव्हता. आज्ञापत्रही वतनदारांस आवरून धरावें व इनामें देऊं नयेत असें बजावतें. तथापि औरंगजेबाशीं झुंजतांना सरदार हातचे जाऊं नयेत म्हणून वतनांच्या व सरंजामांच्या सनदा द्याव्या लागल्या, आणि त्या वेळीं महाराष्ट्राचा कारभार पंतांकडेच होता. त्या प्रसंगीं दुसरा मार्ग फारसा नव्हता, म्हणून आम्ही त्यांस दोष देत नाहीं. दोष निराळ्या जागीं आहे. गडाच्या हवालदारास तीन वर्षांची मुदत होती. संकटाकरितां दिलेल्या सरंजामास मुदत नव्हती. पुढें अठराव्या शतकांत ते सरंजाम पिढीजाद झाले, आणि सरदार मध्यवर्ती सत्तेस जुमानीनासे झाले. संकटासाठीं योजिलेला उपाय संकट सरल्यावर मागें कसा घ्यावयाचा, हें ज्या योजनेंत नसतें, तिच्यांत उपायच पुढचें संकट होतो. कोणत्याही संस्थेच्या चालकांनीं हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

आतां आमच्या संग्राहक बंधूंस दोन शब्द. अर्थशास्त्राचें नांव व त्यांतील कांहीं उतारे परंपरेनें ठाऊक होते. पण समग्र ग्रंथ लुप्त झाला असेंच समजत. तंजावर प्रांतांतील एका पंडितानें म्हैसूरच्या ग्रंथालयास एक हस्तलिखित दिलें, व त्यावरून शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं ग्रंथ छापला, तेव्हां तो जगास मिळाला. एका पोथीचें एवढें मोल! पण नियमाची पोथी मिळाल्यानें तो नियम पाळला गेला कीं नाहीं हें समजत नाहीं. तें समजतें जाबत्यांवरून, हजिरीपटांवरून, अंबाराच्या जमाखर्चावरून. शिक्क्याची सनद व लढाईचें पत्र आपण जिवापाड जपतों, आणि हे रुक्ष कागद रुमालांतून काढून रद्दींत टाकतों. हवालदार खरोखर तीन वर्षांनीं बदलत होते काय, याचें उत्तर अशा कागदांच्या सलग मालिकेवांचून मिळणार नाहीं; आणि ती एकदां विस्कटली म्हणजे पुन्हां जुळत नाहीं. म्हणून आमची विनंति अशी कीं, एखाद्या घराण्यांत गडासंबंधीं रुमाल हातीं आल्यास तो फोडूं नये. कागदांचा मूळ अनुक्रम कायम ठेवावा, आणि गड, तिथि व अधिकाऱ्याचें नांव यांची यादी करून ती रुमालाबरोबरच ठेवावी. पूर्वजांनीं काय योजिलें तें आज्ञापत्र सांगतें. त्यांनीं काय केलें तें या कागदांनींच सांगावयाचें आहे.