‘आधी प्रवेश घेऊ, विषय नंतर बदलू’ : अमेरिकेत हे किती जमतं?

परवा एक पालक मुलीला घेऊन आमच्याकडे आले. म्हणाले, “सर, अमेरिकेत कॉम्प्युटर सायन्सला फार गर्दी आहे म्हणे. अर्जात ‘विषय ठरलेला नाही’ असंच लिहितो. एकदा आत गेली की बदलून घेऊ.” मुलगी गप्प होती. तिला कॉम्प्युटरच हवं होतं.

हा हिशेब अनेक घरांत होतो, म्हणून थोडं समजून घेऊ या.

आपल्याकडे दहावीनंतरच शाखा ठरते. अमेरिकेत बऱ्याच विद्यापीठांत विषय न ठरवता प्रवेश मिळतो. त्याला ‘अनडिक्लेअर्ड’ म्हणतात. साधारण दुसरं वर्ष संपेपर्यंत मुख्य विषय, म्हणजे ‘मेजर’, जाहीर करायचा असतो. ज्या मुलाचं मन खरंच ठरलेलं नाही, त्याच्यासाठी ही सोय फार चांगली. पण गर्दीच्या विषयांचा दरवाजा वेगळा असतो.

कॅलिफोर्नियातलं बर्कली विद्यापीठ घ्या. पूर्वी तिथे कला-विज्ञान शाखेत आलेला विद्यार्थी ठरावीक तीन कोर्समध्ये ४ पैकी ३.३ सरासरी मिळवून कॉम्प्युटर सायन्स घेऊ शकत असे. मेहनत केली की वाट मोकळी. २०२३ च्या प्रवेशापासून हे बदललं. आता या विषयाला पहिल्या वर्षीच थेट प्रवेश देतात. नंतर येणाऱ्याला वेगळा अर्ज करावा लागतो, आणि नुसत्या गुणांवर जागेची हमी नाही.

सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात ‘इंजिनिअरिंग अनडिक्लेअर्ड’ असा प्रवेश आहे. त्यातून इंजिनिअरिंगची कुठली तरी शाखा नक्की मिळते, पण कॉम्प्युटर सायन्स त्या हमीत येत नाही.

म्हणून अर्ज भरण्याआधी विभागाच्या वेबसाइटवर तीन गोष्टी पाहा. नंतर विषय बदलता येतो का? येत असेल तर ठरलेल्या गुणांवर, की मोजक्या जागांसाठी पुन्हा स्पर्धा? आणि नाही मिळाला, तर दुसरा कोणता विषय वेळेत पूर्ण होईल? शेवटचा प्रश्न सर्वात महागडा. एक सत्र वाढलं तरी फी, भाडं आणि कर्जाचं व्याज घरच्यांच्याच डोक्यावर बसतं. नियम बदलत राहतात, त्यामुळे चुलतभावाचा पाच वर्षांपूर्वीचा अनुभव आज लागू पडेलच असं नाही.

आम्ही मुलीला विचारलं, “कॉम्प्युटर नाहीच मिळालं तर?” ती म्हणाली, “गणित. तेही मला आवडतं.” अब्बांनी हे पहिल्यांदाच ऐकलं.

मग यादी नव्याने केली. काही ठिकाणी थेट कॉम्प्युटर, काही ठिकाणी गणित. जिथे गणितच शिकावं लागलं तरी ती खुशीने राहील, अशीच विद्यापीठं ठेवली.

अर्ज भरण्याआधी हा एक प्रश्न घरात जरूर विचारा. आणि उत्तर मुलांनाच देऊ द्या.