जादू हवी की प्रेम? दोन्ही घ्या!

सोफी हॅटर अठरा वर्षांची आहे. टोप्यांच्या दुकानात एका चेटकिणीशी तिचं वाजतं आणि दुसऱ्या क्षणी ती म्हातारी होते. शापाबद्दल कुणाला सांगायचीही सोय नाही. मग ती शाल गुंडाळते, पाव आणि चीज बरोबर घेते आणि थेट एका चालत्या किल्ल्यात शिरते. तिथे एक देखणा, नखरेल आणि मनातून चांगलाच भित्रा जादूगार राहतो. म्हातारी सोफी झाडलोट करून त्याला हैराण करते. प्रेम कधी सुरू झालं ते दोघांनाही कळत नाही!

ही डायना विन जोन्स यांची 1986 सालची ‘हाऊल्स मूव्हिंग कासल’. परीकथा, प्रेमकथा आणि विनोद यांचं इतकं मोकळंढाकळं मिश्रण क्वचितच सापडतं. इंग्रजी सोपं आहे आणि गोष्ट एकाच पुस्तकात संपते. या प्रकारात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्याला मी बेधडक हेच सुचवते.

पुस्तकाचं बीजही मजेदार आहे. लेखिका एका शाळेत गेल्या असताना एका मुलाने त्यांना चालत्या किल्ल्यावर गोष्ट लिहायला सांगितलं. त्यांनी त्याचं नाव कागदावर टिपून घेतलं आणि इतकं जपून ठेवलं की पुढे ते सापडेचना. अर्पणपत्रिकेत त्यांनी हे प्रांजळपणे लिहून ठेवलंय. हायाओ मियाझाकी यांनी 2004 मध्ये यावर सुंदर ॲनिमेशनपट काढला, पण पुस्तकातली एक धमाल त्यात नाही. किल्ल्याच्या दाराचा एक रंग फिरवला की ते थेट आपल्या जगातल्या वेल्समध्ये उघडतं. हाऊल मूळचा तिथलाच, आणि बहिणीकडे गेला की हा थोर जादूगार तिच्या शिव्या खातो.

ड्रॅगनची लाट

दुकानात मात्र पहिल्या टेबलावर दुसरंच पुस्तक दिसेल. रेबेका यारोस यांची ‘फोर्थ विंग’ 2023 च्या मे महिन्यात आली, दुसरा भाग त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. जानेवारी 2025 मध्ये तिसरा भाग ‘ऑनिक्स स्टॉर्म’ निघाला आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्या 27 लाखांहून जास्त प्रती खपल्या. पहिल्या भागाच्या सुरुवातीच्या प्रतींच्या पानांच्या कडा काळ्या, त्यांवर ड्रॅगन. त्या प्रती मिळवण्यासाठी संग्राहकांची अक्षरशः झुंबड उडाली.

नायिका व्हायोलेट हिला ग्रंथालयात बसून लेखनिक व्हायचं असतं. आई सेनापती. ती मुलीला ड्रॅगनस्वारांच्या जीवघेण्या विद्यालयात ढकलते. व्हायोलेटचे सांधे जरा ताण पडला की निखळतात. यारोस यांना स्वतःला संयोजी ऊतींचा असाच आजार आहे, आणि तो अनुभव त्यांनी नायिकेला दिला. कवायतीआधी सांधे बांधणारी, दुखणं गृहीत धरून डाव आखणारी नायिका इतकी खरी का वाटते, त्याचं कारण हेच. लढाऊ कथांमध्ये अशी मुलगी केंद्रस्थानी आली, याचा मला मनापासून आनंद आहे.

तरीही हे पुस्तक पहिलं म्हणून घेऊ नका. मालिका पाच भागांची ठरली आहे, भाग जाडजूड आहेत आणि प्रत्येक भाग अशा जागी थांबतो की पुढचा येईपर्यंत जीव टांगणीला लागतो. एका बैठकीत कथा संपवायची सवय असलेल्या वाचकाचा इथे हिरमोड होतो, आणि मग तो सगळ्या प्रकारावरच फुली मारतो.

सोळाव्या वर्षी सुरुवात

या लाटेतलं दुसरं मोठं नाव सारा जे. मास. सिंड्रेला राजवाड्यातल्या नाचाला राजपुत्रासाठी गेलीच नसती, त्याचा खून करायला गेली असती तर? हा प्रश्न घेऊन मास यांनी सोळाव्या वर्षी लिहायला घेतलं आणि प्रकरणं इंटरनेटवर टाकत राहिल्या. तीच पुढे 2012 मध्ये ‘थ्रोन ऑफ ग्लास’ म्हणून छापली गेली. 2015 च्या ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’मध्ये त्यांनी ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ची कथा यक्षलोकासारख्या प्रदेशात नेली. फ्रान्समध्ये ती मूळ कथा 1740 मध्ये मादाम द व्हिलनव्ह यांनी लिहिली होती, चांगली ऐसपैस. 1756 मध्ये मादाम द बोमाँ यांनी ती आटोपशीर केली आणि जगभर हीच आवृत्ती पसरली. राक्षस आणि रूपवती या जोडीवर आजही नव्या कादंबऱ्या उभ्या राहताहेत.

मास यांच्या बाबतीत एक सूचना. ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ कुमारवयीनांसाठीचं म्हणून बाजारात आलं, पण त्याची मालिका पुढे स्पष्ट शृंगाराकडे जाते आणि आता ती मोठ्यांच्या कपाटात ठेवली जाते. भाचीला वाढदिवसाची भेट देण्याआधी तेवढं पाहून घ्या. जगभरचे वाचक अशा पुस्तकांना लाल मिरच्यांचं माप लावतात: एक मिरची म्हणजे हातात हात, पाच म्हणजे दार लावून वाचा! माप ठोकळ आहे, पण कामाचं आहे.

आवड सांगा, पुस्तक सांगते

लोककथा आवडतात? मग नाओमी नोव्हिक यांची ‘अपरूटेड’ (2015). पोलिश आईकडून ऐकलेल्या गोष्टींवर वाढलेल्या या लेखिकेने एक दुष्ट जंगल उभं केलंय. ते माणसं गिळतं आणि बदलून परत पाठवतं. या कथेत ‘ड्रॅगन’ हे जादूगाराचं नाव आहे. दर दहा वर्षांनी तो खोऱ्यातली एक मुलगी घेऊन जातो, आणि या वेळी सगळ्यांचा अंदाज चुकतो. या कादंबरीला नेब्युला पुरस्कार मिळाला. नोव्हिक आधी संगणकी खेळांच्या प्रोग्रॅमर होत्या, आणि चाहत्यांनी लिहिलेल्या कथांचं ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे प्रचंड संकेतस्थळ उभारणाऱ्यांतही त्या आहेत.

पत्रव्यवहाराची ओढ असेल तर ‘सॉर्सरी अँड सेसेलिया’ (1988) शोधा. पॅट्रिशिया रीड आणि कॅरोलाइन स्टीव्हरमर या दोन मैत्रिणींनी खेळ म्हणून पात्रांच्या नावाने एकमेकींना पत्रं लिहिली. एक झाली लंडनमधली केट, दुसरी खेड्यातली सेसेलिया. नियम एकच: पुढचं कथानक एकमेकींना सांगायचं नाही. खेळ संपला तेव्हा हातात कादंबरी होती. याच चवीचं अलीकडचं पुस्तक रेबेका रॉस यांचं ‘डिव्हाइन रायव्हल्स’. एकाच वर्तमानपत्रातले दोन प्रतिस्पर्धी आणि कपाटातून पत्रं पोचवणारे दोन जादूचे टाइपरायटर. भाग दोनच आहेत.

युद्ध, रक्त नको? ट्रॅव्हिस बाल्ड्री यांच्या ‘लेजेंड्स अँड लॅटेज’मध्ये एक दणकट लढवय्यी तलवार भिंतीला टांगते आणि ज्या शहराला कॉफी ठाऊकच नाही तिथे कॉफीचं दुकान काढते. बाल्ड्री यांचा पेशा श्राव्य पुस्तकं वाचून दाखवण्याचा. हे त्यांनी नोव्हेंबर 2021 च्या महिनाभरात कादंबरी लिहिण्याच्या उपक्रमात लिहिलं आणि 2022 मध्ये स्वतःच प्रकाशित केलं. त्याच वर्षी टॉर या मोठ्या प्रकाशनाने ते उचललं. प्रेम इथे अगदी हळुवार, दालचिनीच्या गरम रोलच्या वासात.

आपल्या मातीची हवा हवी असेल तर ताशा सुरी. ‘एम्पायर ऑफ सँड’ (2018) मुघल दरबारावरून सुचलेल्या जगात घडते. ‘द जॅस्मिन थ्रोन’ला जागतिक फँटसी पुरस्कार मिळाला. त्यात राजकन्या आणि दासी यांचं प्रेम आहे, आणि राजकारण चांगलंच धारदार. वाचायला थोडं जड, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर ठेवा.

हे तर आपलंच

‘ही कसली परदेशी खुळं’ असं कुणी म्हणालं तर त्यांना 1861 सालात न्या. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ त्या वर्षी आली आणि मराठीत अद्भुतरम्य प्रेमकथांचं युग सुरू झालं. ताटातूट, संकटं, कारस्थानं आणि शेवटी मीलन. 1868 मध्ये नारो सदाशिव रिसबूड यांनी ‘मंजुघोषा’च्या प्रस्तावनेत कारणही देऊन टाकलं. त्यांचं म्हणणं असं की, आपल्याकडच्या विवाहाच्या रीतीमुळे रोजच्या आयुष्यात कादंबरीजोगं काही घडतच नाही. मनोरंजक लिहायचं तर अद्भुताचाच आधार घ्यावा लागतो. मुलामुलींची लग्नं कळत्या वयाआधीच ठरत असताना प्रेमाची गोष्ट लिहिणार तरी कुठली? लेखकांना प्रेमासाठी जागा हवी होती आणि ती अद्भुताच्या राज्यात मिळाली. दोन्ही एकत्र का नांदतात याचं इतकं नेमकं उत्तर मला आजच्या समीक्षेतही सापडलेलं नाही.

त्याही मागे गेलात तर पैठण लागतं. परंपरेनुसार सातवाहनांच्या दरबारातल्या गुणाढ्याने पैशाची भाषेत ‘बृहत्कथा’ रचली. राजाने ती नाकारली, तेव्हा तो रानात बसून एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत अग्नीत टाकू लागला. जनावरं चरणं विसरून ऐकत राहिली. सात लाख श्लोकांपैकी एक लाख वाचले, म्हणे. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने त्याच परंपरेतून ‘कथासरित्सागर’ रचला, तोही राणी सूर्यमतीच्या मनोरंजनासाठी. त्यात विद्याधर आकाशातून उडतात आणि प्रेमात पडतात.

आणि ‘चंद्रकांता’! 1994 मध्ये दूरदर्शनवरच्या मालिकेतला खलनायक क्रूरसिंग पाहून थरारलेल्या पिढीने मूळ कादंबरी वाचलीच पाहिजे, कारण मालिकेने कथेला बराच वेगळा रस्ता धरायला लावला. देवकीनंदन खत्री यांनी जंगलाचे ठेके घेतले होते. चकिया-नौगढच्या रानातले पडके किल्ले, भुयारं पाहता पाहता त्यांना तिलिस्म, म्हणजे जादूचे चक्रव्यूह, सुचले, आणि 1888 मध्ये नौगढचा वीरेंद्रसिंह व विजयगढची चंद्रकांता वाचकांपुढे आली. ही कादंबरी वाचता यावी म्हणून अनेकांनी हिंदी शिकून घेतली, असं हिंदी साहित्याचे इतिहासकारच नोंदवतात.

मराठी वाचकाला तेवढे कष्ट नाहीत, लिपी आपलीच आहे. खत्री 1913 मध्ये गेले. त्यामुळे ‘चंद्रकांता’वर आता कुणाचा स्वामित्वहक्क नाही आणि ती स्वस्तात, अगदी फुकटही मिळते. इंग्रजीचा धाक वाटत असेल तर सुरुवात तिथूनच करा.